विहिरीचे पुण्य आणि नदीचा हक्क

मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडकडे जाऊ लागले म्हणजे शहर येण्यापूर्वी खजाना विहीर लागते. निजामशाहीतील जहागीरदार सलाबतखान याने १५८२ साली राजा भास्कर या जाणकाराकडून ती बांधून घेतली. तिचे पाणी मोटेवाचून, भुयारी पाटाने शेतांस मिळे. इस्लामी परंपरेत तहानलेल्यास पाणी देणे व झाड लावणे हे पुण्यकर्म मानले आहे. कुरणे राखण्यासाठी ‘हिमा’ आणि लोकोपयोगी कामांच्या निर्वाहासाठी ‘वक्फ’ या तिच्याच जुन्या योजना होत. तेव्हा एखाद्या मुस्लिम बहुसंख्य देशात निसर्गरक्षणाची लोकचळवळ क्षीण दिसली, तर तिचा दोष धर्माच्या माथी मारणे उतावीळपणाचे ठरेल.

मात्र एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. विहीर बांधणे हे दान होय. नदी नासविणाऱ्यास अडविणे ही मागणी होय. दात्याची वाट कोणी अडवीत नाही. मागणी करणाऱ्याची गाठ सत्तेशी व पैशाशी पडते.

धर्मवचनाचे पाठबळ येथे उपयोगी पडते. इंडोनेशियातील उलेमांच्या परिषदेने २०१४ साली दुर्मिळ प्राण्यांची बेकायदा शिकार व व्यापार निषिद्ध ठरविणारा फतवा काढला. परंतु फतव्याने मन वळते, कारखाना बंद होत नाही. बांगलादेशात जुनी जहाजे फोडण्याच्या धंद्याने किनारा विषारी होऊ लागला, तेव्हा सय्यदा रिझवाना हसन या वकील स्त्रीने न्यायालयात दाद मागितली; २००९ साली पर्यावरणविषयक परवान्यावाचून चालणारे कारखाने बंद करण्याचा आदेश निघाला. बोस्नियातील क्रुश्चित्सा गावच्या स्त्रियांनी २०१७ पासून पाचशेहून अधिक दिवस नदीवरील पूल अडवून धरला आणि पोलिसांचा मार सोसूनही धरणाचे परवाने रद्द करविले.

याच्या उलट इराणात घडले. चित्त्यांचा माग घेण्यासाठी रानात कॅमेरे लावणाऱ्या अभ्यासकांना २०१८ साली हेरगिरीच्या आरोपावरून पकडण्यात आले. त्यांपैकी प्राध्यापक कावूस सय्यद-इमामी यांचा तुरुंगातच अंत झाला. इतरांना कित्येक वर्षे कोठडीत काढावी लागली.

या चारही देशांत बहुसंख्यांचा धर्म एकच. फळे मात्र निराळी. श्रद्धा प्रेरणा देते आणि दारची नदी जाण्याची भीती धैर्य देते. परंतु सभा भरविण्याची मोकळीक व निर्भय न्यायालय यांवाचून ती दोन्ही खुंटतात. ही कसोटी मुस्लिम देशांपुरतीच नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बालाघाटातील गावांसही ती तितकीच लागू आहे.