एका नावाआड दडलेले सरडे

सरडा म्हटले की आपण नाक मुरडतो. पण उन्हाळ्यात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर जाऊन पाहा. दगडावर चढून नर गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडमीट करीत मादीला रिझवीत असतो!

१८२९ साली क्यूव्हिए या फ्रेंच पंडिताने अशा सरड्यांना 'सिताना' नाव दिले. पुढे दिसायला सारखे, म्हणून देशातले बहुतेक पंखेवाले सरडे एकाच जातीत मोडू लागले. २०१६ मध्ये व्ही. दीपक, वरद गिरी व सहकाऱ्यांनी जनुके आणि शरीररचना ताडून पाच नव्या जाती वेगळ्या काढल्या. चाळकेवाडीच्या सरड्याची तर प्रजातीच निराळी ठरली. तिचे शास्त्रीय नाव चक्क मराठी, 'सरडा'!

यात विशेष ते काय? त्याआधी तो नाहीसा झाला असता, तरी 'इतरत्र आहेत की!' म्हणून आपण निश्चिंत राहिलो असतो.