चुंबकीय कड्यांची कोठी

जातें कितीही वेगानें फिरविलें, तरी घास वेळेवर पडला नाहीं म्हणजे तें रिकामेंच फिरतें. अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें १९५९ सालीं जाहीर केलेल्या ‘१४०१’ या गणकयंत्राची अडचण याच जातीची होती.

त्याची स्मृति म्हणजे तारांच्या जाळ्यांत ओवलेलीं फेराइट या चुंबकीय द्रव्याचीं बारीक कडीं. कड्याचें चुंबकत्व एका दिशेचें असेल तर एक, उलट दिशेचें असेल तर शून्य. एकाच तारेंतून अर्धा प्रवाह आला तर कडें ढिम्म हालत नाहीं. उभ्या व आडव्या अशा दोन्ही तारांतून आला म्हणजे त्यांच्या संधीवरचें तेवढेंच कडें उलटतें. वाचनाची रीत मात्र विलक्षण! कड्याला शून्याकडे लोटावयाचें, आणि तें उलटलें तर दुसऱ्या एका तारेंत उठणाऱ्या क्षीण स्पंदावरून तेथें एक होता असें ओळखावयाचें. वाचलें कीं पुसलें. म्हणून लागलीच पुन्हां लिहावें लागे. इतकें सारें साडेअकरा मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या सुमारें ८७,०००व्या भागांत आटपे.

आतां बाहेरच्या यंत्रांकडे पाहावें. छिद्रें पाडलेलें कार्ड ८० रकान्यांचें व १२ ओळींचें असे. वाचनयंत्र मिनिटाला ८०० कार्डें ओढी; परंतु एकेक आडवी ओळ वाचली जात असल्यानें, सर्व ओळी सरेपर्यंत अक्षरांचा उलगडा पुरा होत नसे. तीं अर्धवट अक्षरें ठेवण्यासाठीं स्मृतींतील पहिलीं ८० स्थानें राखलेलीं होतीं.

छपाईंत खोळंबा याहून मोठा. ‘१४०३’ हें मुद्रकयंत्र मिनिटाला ६०० ओळी छापी, म्हणजे ओळीस १०० मिलिसेकंद. अक्षरांची सांखळी कागदासमोरून धांवे व हवें तें अक्षर येतांच हातोडी आपटे. कोणत्या जागीं कोणतें अक्षर हवें हें पाहण्यासाठीं स्मृति वारंवार वाचावी लागे. त्यामुळें १०० पैकीं ८४ मिलिसेकंद हिशेब बंद! तासभर अखंड छपाई चालली, तर त्यांतील पन्नास मिनिटें हें महागडें यंत्र आपल्याच मुद्रकाची चाकरी करी.

यावर तोड म्हणून, वेगळी मागणी केल्यास, १३२ अक्षरांची एक स्वतंत्र छपाई-स्मृति मिळे. संपूर्ण ओळ २ मिलिसेकंदांत तिच्यांत ओतली कीं गणकयंत्र उरलेले ९८ मिलिसेकंद आपल्या कामास मोकळें. इतकी लहानशी कोठी, पण हिशेब केवढा बदलला!

मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं चालू झालेल्या ‘टिफ्रॅक’ची स्मृतिही अशाच कड्यांची होती. पुढें १९७० नंतरच्या दशकांत अर्धवाहकांनीं कड्यांची जागा घेतली. मुद्रकयंत्रांतील ती राखीव कोठी मात्र अद्यापि आहे.