पत्र्याला घाम फुटतो तेव्हा

तीस सेकंदांचं रील तुम्हीही पाहिलं असेल. जुनी पिवळी स्कूल बस, फटाफट बाहेर पडणाऱ्या सीट, भिंतीवरून फिरणारा पांढरा रोलर, शेवटी लाइटच्या माळा आणि पलंगावर एक गोंडस कुत्रा. अमेरिकेत अशा बसला लाडाने ‘स्कूली’ म्हणतात. पाहून झाल्यावर ग्रुपमधलं कुणीतरी म्हणतंच, ‘आपणही घेऊया ना रे एक!’ कुणाला त्यात फिरतं वाचनालय दिसतं, कुणाला नाटकाची गाडी, कुणाला तारकर्लीच्या बाजूला चहा-सँडविचचा स्टॉल.

स्वप्न वाईट नाही. फक्त त्यातली बरीचशी रीलं कोरड्या हवेतली असतात आणि तुम्ही ओरोसला आहात. इथे जूनपासून भिंतींना ओल येते, कपाटातल्या चपलांवर बुरशी धरते, कॉलेजच्या बॅगेची चेन गंजून अडकते. अशा हवेत पत्र्याचा एक लांबलचक डबा आतून रंगवायचा म्हणजे रोलर हातात घेण्याआधीची कामंच जास्त. आणि ती रीलमध्ये कुणी दाखवत नाही, कारण ती दिसायला कंटाळवाणी असतात.

तसं बसचं दुसरं काहीतरी करणं आपल्याला नवीन नाही. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये एसटीने स्वतःच्या प्रवासी बसमधल्या सीट काढून त्यांचे मालट्रक केले. पुण्यात २०१६पासून पीएमपीच्या वापरातून गेलेल्या बसमध्ये महिलांसाठी ‘ती’ स्वच्छतागृहं उभी राहिली. १९८८मध्ये सुरू झालेल्या डोअर स्टेप स्कूल या संस्थेची ‘स्कूल ऑन व्हील्स’ म्हणजे तर बसमध्येच भरणारा वर्ग. हे सगळं रोज वापरायचं काम. दिवसभर पाणी सांडणार, पोरं भिंतीला पाय लावणार, माल घासत जाणार. तुमची बसही वापरासाठीच असेल, तर ‘लूक’ ठरवण्याआधी ती काय काय सोसणार आहे ते लिहून काढा.

कागदांचं आधी उरकून घेऊ. सिंधुदुर्गनगरीत उपप्रादेशिक परिवहन कार्यालय आहे, म्हणजे एमएच ०७ची गाडी असेल तर तुम्हाला लांब जायचंही कारण नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार आरसी बुकातल्या नोंदींशी जुळणार नाही असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. सीटची संख्या ही नोंद आहे, बाहेरचा रंगही नोंद आहे. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेत बदल करण्याबाबत हेच बजावलं. राहण्याच्या गाडीसाठी ‘मोटार कॅरॅव्हॅन’ असा वेगळा प्रकार आहे, त्याचे निकष एआयएस १२४मध्ये आहेत, आणि राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणही २०२१मध्ये आलंय. तेव्हा आधी आराखडा घेऊन कार्यालयात जा, मग पाना हातात घ्या. उलटं केलंत तर सुंदर रंगवलेली बस परसात कोंबड्यांच्या उपयोगाला येईल. (एका जागी कायमची उभी ठेवायची असेल तरी नोंदणीचं काय करायचं ते विचारूनच घ्या.)

आता आत या.

बसच्या आतल्या रंगाचा खरा शत्रू ऊन किंवा धूळ नव्हे, घाम आहे. पत्र्याचा घाम. हवेत जेवढी वाफ असते तिच्यानुसार एक तापमान ठरलेलं असतं. त्याच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी जमतं. त्याला दवबिंदू म्हणतात, बारावीत झालंय. बाहेर ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू येतो साधारण २७ अंशांवर. म्हणजे पत्रा हवेपेक्षा जेमतेम तीन अंशांनी थंड झाला की ओला. जहाजं, पूल, टाक्या रंगवणाऱ्यांचा नियमच आहे: पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश वर नसेल किंवा आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर ब्रश खाली ठेवायचा. आता आपला जुलै आठवा.

याउलट जानेवारीतल्या दुपारी ३२ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असली तर दवबिंदू विशीच्या आसपास उतरतो, मध्ये बारा अंशांची ऐसपैस जागा मिळते. म्हणून हे काम दिवाळीनंतर काढायचं. तेही सकाळी सातला उत्साहाने नको, कारण रात्रीचं दव पत्र्यावर तसंच असतं आणि डोळ्यांना ते दरवेळी दिसत नाही. दहाच्या पुढे सुरू करा, चारच्या सुमारास थांबा. साधा तापमान-आर्द्रता मीटर मोबाइलच्या कव्हरइतका स्वस्त मिळतो. तो बसमध्ये टांगून ठेवा.

रंग लावून झाला म्हणजे घाम संपला असंही नाही. झोपलेला माणूस श्वासातून आणि अंगातून तासाला तीसेक ग्रॅम पाणी सोडतो. दोघं जण आठ तास झोपले तर सकाळपर्यंत अर्धा लिटर पाणी हवेत गेलेलं असतं. ते खिडकीच्या काचेवर जमलं तर फडक्याने पुसाल. पण प्लायच्या मागे, छताच्या पत्र्याला जाऊन बसलं तर? ते पुसता येत नाही. मग आतून गंज धरतो, प्लायला काळे डाग येतात, आणि वर्षाभरात तुमच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीला पोपडे येतात. दोष मात्र रंगाच्या कंपनीला दिला जातो.

यावर उपाय पॅनेल लावण्याआधीच करावा लागतो. आतल्या तापरोधक थराने पत्र्याला घट्ट चिकटून बसायला हवं, मध्ये हवा शिरता कामा नये. नायट्रिल रबर किंवा एक्सएलपीईच्या चिकटणाऱ्या शीट मिळतात, त्या चांगल्या. ग्लासवूल ओल धरून बसते. आणि थर्मोकोल? गणपतीच्या मखरातून २०१८च्या बंदीने तो गेला, तुम्ही बसमध्ये परत आणू नका. थिनर असलेल्या गोंदाने तो विरघळतो, आणि पेट घेतला तर वितळून डोक्यावर ठिबकतो. बसला दरवाजे दोनच असतात हे लक्षात ठेवा. त्यातलं मागचं आपत्कालीन दार पलंगाने किंवा ओट्याने अडवायचं नाही, यात तडजोड नाही.

गंज काढायचं काम सगळ्यात किचकट आणि सगळ्यात महत्त्वाचं. फ्लोअरिंग पूर्ण उचला. सीटच्या बोल्टच्या भोकांभोवती, चाकांच्या वर, खिडकीच्या खालच्या पट्टीत हमखास गंज सापडेल. मालवणच्या फेऱ्या केलेली गाडी असेल तर खाऱ्या वाऱ्याचं मीठही बसलेलं असतं. मीठ न धुता रंग लावला तर ते रंगाच्या खालून ओल ओढून घेतं आणि फोड येतात. म्हणून आधी गोड्या पाण्याने स्वच्छ धुवा, पूर्ण वाळू द्या, मग तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर. खोल खळग्यांतला जो गंज निघतच नाही त्यावर रस्ट कन्व्हर्टर लावतात. त्याच्या काही प्रकारांत टॅनिन असतं, ते गंजाशी मिळून काळा, घट्ट थर बनवतं. हिरडा आणि लोखंड यांची काळी शाई पूर्वी करायचे, त्यातलंच हे रसायन.

पुढची गोष्ट बहुतेक जण चुकवतात. ‘पत्रा’ म्हणजे एकच वस्तू नाही. खिशात एक लोहचुंबक ठेवा. चिकटला नाही तर अ‍ॅल्युमिनियम. चिकटला आणि पत्र्यावर चांदीसारखी फुलंफुलं दिसली तर जस्त चढवलेला जीआय. नाहीतर साधं लोखंड. रेड ऑक्साइड प्रायमर साध्या लोखंडासाठी ठीक आहे. जीआयवर थेट ऑइल पेंट लावला तर त्यातलं तेल आणि जस्त मिळून चक्क साबण तयार होतो आणि काही महिन्यांत रंग सालीसारखा निघून येतो. जीआय आणि अ‍ॅल्युमिनियमला एच प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमर लागतो. दुकानदार ‘सगळ्याला रेड ऑक्साइड चालतो’ म्हणाला तर हसून दुसऱ्या दुकानात जा.

मग येते लांबी. घरच्या भिंतीला जी पांढऱ्या सिमेंटची लांबी भरतात ती इथे अजिबात नको. घर हलत नाही, बस हलते. करूळ किंवा आंबोलीच्या घाटातल्या एका वळणावर बसचा सांगाडा पिळवटतो, आणि ती लांबी प्रत्येक जोडावर तडकते. पत्र्यावरच्या खळग्यांसाठी गॅरेजवाले वापरतात ती पॉलिस्टर पुट्टी वापरा, तीही पातळ. जोड पूर्ण बुजवून सपाट करण्याचा हट्ट सोडा. दोन पॅनेलमध्ये दोन-तीन मिलिमीटर फट ठेवून त्यात लवचिक पीयू सीलंट भरा आणि वर पट्टी मारा. जाणता पेंटर प्रत्येक थराला तुम्हाला ‘सुकांदे आधी’ म्हणेल. त्याचं ऐका.

असा पेंटर मिळेल कुठे? इंटरनेटपेक्षा तुमच्याच जिल्ह्यात. महामार्गावरच्या बॉडीच्या गॅरेजमध्ये आणि मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा बोटी वर ओढून झाकल्या जातात आणि डागडुजीची बोलणी सुरू होतात. मीठ, पाणी आणि धक्के एकाच वेळी सोसणारा रंग कसा लावायचा हे या लोकांना हातानेच कळतं. आता होड्याही फायबरच्या होऊ लागल्यात. ते काम करणाऱ्याकडून बसच्या ओट्यामागची, मोरीजवळची भिंत फायबरमध्ये करून घेता येते. ती गंजत नाही, कुजत नाही. लाकडाच्या होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल देण्याची पद्धतही तुम्ही पाहिली असेल. लाकडासाठी उत्तम, पण हाताला लागलं तर कातडी सोलून निघते. बसच्या बंद जागेत त्याचा प्रयोग नको.

बंद जागेवरून आठवलं. या कामात पैसे वाया गेले तर परत मिळवता येतात, फुप्फुसांचं तसं नाही. जुन्या औद्योगिक पिवळ्या रंगांत लेड क्रोमेट सर्रास असायचं. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम, ती नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. पण तो नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे, गाड्यांच्या औद्योगिक रंगांना नाही. त्यामुळे दारांच्या कडा, खिडक्यांच्या चौकटी इथला जुना पिवळा रंग कोरडा घासू नका. पाणी मारून ओल्या पॉलिश पेपरने घासा, चिखल गोळा करून वेगळा ठेवा, ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. आणि दोन डब्यांतला पीयू रंग स्प्रेने मारायचा मोह होईल, कारण तो काचेसारखा दिसतो. त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो. रुमाल किंवा कोविडचा उरलेला मास्क त्याला अडवत नाही. ज्यांच्याकडे हवेची सोय आणि योग्य मास्क आहे अशा बूथमध्येच ते काम द्या. स्वतः करणार असाल तर चांगला इनॅमल, ब्रश आणि छोटा रोलर, सगळ्या खिडक्या उघड्या. थोड्या रेषा दिसतील, दिसू देत.

किती रंग लागेल? समजा आत सात मीटर लांब, सव्वादोन मीटर रुंद जागा आहे. छत साधारण १६ चौरस मीटर, खिडक्या वजा करून भिंती तेवढ्याच किंवा थोड्या जास्त. म्हणजे पस्तीसेक चौरस मीटर. एक लिटर इनॅमल एका हाताला दहाएक चौरस मीटर जातो, तेव्हा दोन हातांना सात लिटर. म्हणजे सगळा रंग एका बादलीत मावतो. त्याच्या कितीतरी पट खर्च प्लाय, सीलंट आणि प्रायमरवर होतो. प्लाय घेताना आयएस ७१० मार्कचा मरिन मागा आणि कापलेल्या कडांना जोडण्याआधीच दोन हात द्या, पाणी कडांतूनच आत शिरतं. वजनावरही लक्ष असू द्या: बारा मिलिमीटरची आठ बाय चारची एक शीट २२-२३ किलोंच्या घरात भरते.

रंग कुठला? छत पांढरं, भिंती फिक्या, फिनिश सॅटिन. मॅट भिंतीवर बुरशी धरली की पुसताना डाग पडतो, चकचकीत भिंतीवर पत्र्याचा प्रत्येक पोचा दिसतो. जमीन मात्र पांढरी नको! आपल्याकडची तांबडी माती चपलेबरोबर आत येणारच, तेव्हा जांभ्याच्याच रंगाचं फ्लोअरिंग घ्या आणि निश्चिंत व्हा.

एखादी भिंत चित्रासाठी ठेवणार असाल तर पिंटरेस्टवरचा तोच तो मंडला नको. ओरोसपासून जवळच, कुडाळच्या पलीकडे पिंगुळी आहे. तिथली ठाकर समाजाची चित्रकथी जगभर माहीत झालीय. परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचंच कलासंग्रहालय केलं, म्हणजे जुन्या जागेला नवं आयुष्य देण्याचा धडा अगदी शेजारी आहे. जाऊन बघा, कलाकाराला रीतसर पैसे देऊन काम द्या. फोटोवरून ट्रेस करून ‘इन्स्पायर्ड’ लिहिणं हा चोरीचाच सभ्य शब्द आहे, असं माझं मत.

एक परीक्षा रंगाच्या आधी घ्यायची. पॅनेल लावायच्या आदल्या दिवशी एकाने छतावर नळी धरायची, बाकीच्यांनी आत बसून टॉर्चने प्रत्येक रिव्हेट, प्रत्येक खिडकीची रबर तपासायची. अर्धा तास पाणी सोडा, थेंब दिसला तिथे खडूने खूण करा. आणि शेवटचा हात देऊन झाल्यावर लगेच गाद्या टाकून पहिली रात्र साजरी करू नका. इनॅमल हाताला एका दिवसात सुकल्यासारखा लागतो, पण त्यातलं थिनर पुढे कितीतरी दिवस उडत असतं. निदान आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवा, वास पूर्ण जाऊ द्या. मग झोपायला जा, तेही दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवून.