ग्रुप तुमचा आहे, पण माणसं तुमची आहेत का?



आजकाल दुकानाचं नाव ठरायच्या आधी दुकानाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तयार असतो. फोनमधले सगळे नंबर उचलायचे, एका ग्रुपमध्ये टाकायचे आणि सकाळ-संध्याकाळ ऑफरचे फोटो सोडायचे. पंधरा दिवसांत काही जण बाहेर पडतात, बाकीचे म्यूट करतात. मग आपण म्हणतो, "लोकांना आपल्या माणसाची किंमतच नाही."

किंमत असते हो. पण ती आधी आपण द्यायची असते.

आज मुळशी तालुका डोळ्यासमोर ठेवून बोलू. का? कारण इथे एकाच तालुक्यात तीन-चार जगं राहतात. हिंजवडी-माणला आयटी पार्क, भुगाव-भुकूमला नव्या सोसायट्या, पिरंगुटला कारखाने, पौडला तहसील आणि बाजारपेठ, कोळवण खोऱ्यात भातशेती, आणि पलीकडे धरण भाग, ताम्हिणी घाट. डबे पुरवणारी ताई, बाहेरून आलेला इंजिनीअर, आयटीआय करून काम शोधणारा पोरगा आणि आंबेमोहर विकणारे काका हे सगळे एकाच ग्रुपवर असू शकतात.

एकत्र येणं या मातीला नवीन नाही. १९२१ मध्ये धरणात जमिनी जाणार म्हणून इथल्या मावळ्यांनी मुळशी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे नाव याच लढ्यातून मिळालं. तेव्हा ना फोन होता ना ग्रुप, तरी लोक एकमेकांच्या शब्दावर उभे राहिले.

आणि २०१८ मध्ये प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' आला. जमीन विकली, पैसा आला, पैसा गेला, आणि घरातला पोरगा भलत्याच वाटेला लागला, ही त्याची गोष्ट. उद्योजकानं त्यातून एक धडा घ्यावा. जमीन एकदाच विकता येते, आणि लोकांचा विश्वासही एकदाच विकता येतो. ग्रुप म्हणजे तुमच्याकडची विश्वासाची जमीन आहे. ती गुंठ्या-गुंठ्यानं विकायची की कसायची, हे तुम्ही ठरवायचं.

१. आधी विचारा, मग अ‍ॅड करा

न विचारता कुणाला ग्रुपमध्ये टाकणं म्हणजे न सांगता कुणाच्या ओसरीवर जाऊन माल मांडणं. शिवाय साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये १,०२४ जण बसतात. म्हणजे एका ताईचा नंबर हजार अनोळखी लोकांच्या हातात तुम्ही देताय. तिला रात्री-अपरात्री मेसेज आले, तर दोष कुणाचा?

मग करायचं काय? फक्त माहिती पाठवायची असेल तर ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. एका लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात, कुणाचा नंबर कुणाला दिसत नाही, आणि मेसेज फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो. म्हणजे आपोआप कळतं, खरं गिऱ्हाईक कोण. गप्पा, प्रश्न, देवाणघेवाण हवी असेल तरच ग्रुप काढा, आणि लिंक पाठवून "यायचं असेल तर या" म्हणा. वीस जण आले तरी चालतील, ते स्वतःच्या पायानं आलेले असतील.

२. तुमचा मेसेज सगळ्यांना वाचता येतो का?

हा मुद्दा बहुतेक जण सोडून देतात. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यात चष्म्याशिवाय न दिसणारे आजी-आजोबा मोजलेले नाहीत. हे सगळे गिऱ्हाईकच आहेत, आणि त्यांच्याकडे फोनही आहे.

दृष्टिहीन माणूस अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक वापरतो. फोन त्याला मजकूर वाचून दाखवतो, मराठीसुद्धा. पण तुम्ही रेटकार्डाचा फक्त फोटो टाकलात, तर बहुतेक वेळा त्याच्यापर्यंत एवढंच पोचतं की फोटो आलाय. भाव कळतच नाही. तेव्हा या सवयी लावा:

- फोटोखाली तोच मजकूर टाइप करा: वस्तू, वजन, भाव, कुठे मिळेल.
- ओळीत दहा-दहा इमोजी नकोत. टॉकबॅक प्रत्येक इमोजीचं नाव वाचत बसतो.
- नक्षीदार अक्षरांचे फॉन्ट टाळा. फोनला ती अक्षरं धड वाचता येत नाहीत.
- व्हॉइस नोट पाठवलीत तर खाली दोन ओळी लिहा. ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यासाठी व्हॉइस नोट म्हणजे बंद दार.
- व्हिडिओला मराठी सबटायटल द्या.

ताम्हिणीकडे होम-स्टे चालवताय? मग "निसर्गरम्य परिसर" लिहिण्याआधी पायऱ्या किती, खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, गाडी दारापर्यंत येते का, हे लिहा. गुडघेदुखीच्या आईला घेऊन येणारा मुलगा हेच बघून बुकिंग करतो.

आणि फायदा दिव्यांगांपुरताच नाही. घाटात, धरण भागात नेटवर्क सगळीकडे सारखं नसतं. जिथे व्हिडिओ गोल-गोल फिरत राहतो, तिथे चार ओळींचा मजकूर पोचतो.

३. फॅन व्हा, पण चेहरा उसना घेऊ नका

आवडत्या हिरोचा फोटो डीपीला लावणं वेगळं आणि त्याच फोटोखाली "आमच्याकडे चमचमीत मिसळ मिळेल" लिहिणं वेगळं. पहिलं प्रेम आहे, दुसरी जाहिरात आहे, आणि तीसुद्धा त्या माणसाला न विचारता. सिनेमाच्या पोस्टरवर, गाण्यावर कुणाचा तरी कॉपीराइट असतो. चेहरा, नाव आणि आवाजाचंही तसंच. २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं त्यांचं नाव, आवाज, छायाचित्र परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरण्याला अंतरिम मनाई केली. तुम्ही म्हणाल, "आपल्या टपरीला कोण विचारतंय?" विचारणार नाही कदाचित. पण उसन्या चेहऱ्यावर उभा केलेला ब्रँड तुमचा नसतो. दहा वर्षांनी लोकांना हिरो आठवेल, तुमची मिसळ नाही.

आता दुसरी बाजू. उद्या तुमचेही फॅन तयार होतील. नेहमीचं गिऱ्हाईक ग्रुपवर तुमचं कौतुक करेल. तिथे तीन पथ्यं पाळा. पैसे किंवा फुकट माल देऊन कौतुक लिहून घेतलंत, तर ती जाहिरात आहे असं स्पष्ट सांगा. नातेवाइकांकडून खोटे रिव्ह्यू लिहून घेऊ नका. आणि कुणी तक्रार केली, तर आपल्या चाहत्यांना त्याच्या अंगावर सोडू नका. "डब्यात मीठ जास्त होतं" म्हणणारी बाई शत्रू नाही, तिनं फुकट क्वालिटी चेक करून दिलाय. तिला सगळ्यांसमोर धन्यवाद द्या. बाकीचे बघत असतात.

४. नोकरीचा मेसेज: फॉरवर्ड करण्याआधी थांबा

मुळशीत सगळ्यात जास्त आशा कुठल्या मेसेजवर असते? "हिंजवडीत अर्जंट भरती", "पिरंगुटला कंपनीत हेल्पर पाहिजेत". आणि फसवणुकीचं जाळंही इथेच टाकलं जातं.

समजा, तुमच्या ग्रुपवर असा एक मेसेज आला. तुम्ही चांगल्या मनानं पुढे पाठवला. गावातल्या एका पोरानं युनिफॉर्म आणि आयडी कार्डासाठी ३,००० रुपये भरले, आणि पलीकडचा नंबर बंद झाला. ते पैसे त्याच्या आईनं दूध घालून साठवलेले. तो पोरगा कंपनीचं नाव विसरेल, पण मेसेज कुणाकडून आला हे विसरणार नाही.

म्हणून ग्रुपचा नियमच करा. नोकरीच्या पोस्टमध्ये कंपनीचं नाव, कामाचं ठिकाण, पगार, कामाचे तास आणि बोलणाऱ्या माणसाचं नाव हवं. एकही गोष्ट कमी असेल तर पोस्ट नाही. नोकरी देण्यासाठी पैसे मागितले की विषय संपला, मग ते डिपॉझिट म्हणोत, ट्रेनिंग फी म्हणोत की लॅपटॉपचा विमा.

काम शोधणाऱ्यांनाही सांगा: "काही काम असेल तर सांगा भाऊ" असं लिहू नका. असं लिहा: "आयटीआय फिटर, २ वर्षं अनुभव, राहणार पौड, स्वतःची दुचाकी, शिफ्ट चालेल." वाचणाऱ्याला पाच सेकंदांत कळतं. आधार कार्डाचा फोटो ग्रुपवर कधीही टाकायचा नाही. गरज पडलीच तर ज्यावर फक्त शेवटचे ४ अंक दिसतात ते मास्क्ड आधार द्यायचं, तेही समोरची कंपनी खरी आहे हे बघून. राज्य सरकारचं महास्वयम आणि केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस या पोर्टलवर नोंदणी फुकट आहे, ती करून ठेवा. पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

५. अ‍ॅडमिन म्हणजे मालक नव्हे

एखाद्या सदस्यानं वाह्यात पोस्ट टाकली तर अ‍ॅडमिन आत जातो का? २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं, की आधी ठरवून, संगनमतानं केलेलं नसेल तर सदस्याच्या पोस्टसाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. हा कायद्याचा भाग झाला. पण गिऱ्हाईक कोर्टात जात नाही, ते शांतपणे निघून जातं. ग्रुपवर एका बाईची टिंगल झाली आणि तुम्ही गप्प बसलात, तर बाकीच्या बायका दुसऱ्या दिवसापासून तुमच्याकडून डबा घेणार नाहीत. कारणही सांगणार नाहीत.

या आठवड्याचा गृहपाठ

१. ग्रुपमध्ये न विचारता कुणाला टाकलंय, त्यांना एक-एक मेसेज करा: "राहायचं का?" नाही म्हणाले तर आनंदानं काढा.

२. आपल्या फोनवर टॉकबॅक चालू करा, डोळे मिटा आणि स्वतःची शेवटची पोस्ट ऐका. भाव कळला का?

३. डीपी, बॅनर, रील बघा. चेहरा कुणाचा आहे? उसना असेल तर काढा आणि तिथे तुमचा, तुमच्या मालाचा फोटो लावा.

४. नोकरीच्या पोस्टचा नियम लिहून ग्रुपच्या वर पिन करा.

चार कामं आहेत, खर्च शून्य रुपये. एवढं केल्यावर कदाचित ग्रुप अर्धा होईल. होऊ द्या. दोनशे म्यूट केलेल्या नंबरांपेक्षा तुमचा मेसेज आल्यावर फोन हातात घेणारी चाळीस माणसं धंद्याला जास्त उपयोगी पडतात. त्या चाळीस जणांसमोर विकायला काय ठेवायचं आणि भाव कसा काढायचा, ते पुढच्या व्हिडिओत बघू.