वर्धा नदीचे दोन काठ : कापूसबाजार आणि प्रादेशिक स्पर्धा-नीती

व्यापारातील स्पर्धेचे रक्षण हा विषय सामान्यतः राष्ट्राराष्ट्रांच्या संदर्भात चर्चिला जातो. 1957 च्या रोम येथील कराराने पश्चिम युरोपातील सहा राष्ट्रांनी संगनमत व बाजारातील वर्चस्वाचा दुरुपयोग यांविरुद्ध समान नियम स्वीकारले. पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील राष्ट्रसमूहाच्या स्पर्धा-आयोगाचे कार्य 2013 मध्ये सुरू झाले. परंतु शेजाऱ्यांनी या बाबतीत परस्परांशी सहकार्य का करावे, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी इतके दूर जावयास नको. वर्धा जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या नदीच्या दोन काठांवरील कापूसबाजारांचा इतिहास त्यासाठी पुरेसा आहे.

1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. त्यानंतर नदीच्या पश्चिमेस रेसिडेंटचा अंमल, तर पूर्वेस नागपूरकरांचे राज्य खालसा झाल्यानंतर 1861 मध्ये बनलेला मध्य प्रांत, अशी स्थिती झाली. वर्धा जिल्हा 1862 मध्ये अस्तित्वात आला. दोन्ही काठांवर काळी जमीन तीच, कापूस तोच आणि त्याचे गिऱ्हाईकही मुंबईचेच. हिंगणघाटचे नाव तर एका उत्तम जातीच्या कापसाला मिळाले होते. निराळे होते ते नियम.

कारंजा येथे 1886 मध्ये नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला आणि 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. दलाल व मापारी यांना परवाना घ्यावा लागे आणि व्यवहार ठरलेल्या आवारात होत. या कायद्यातही मोठी उणीव होती. बाजारसमितीत व्यापाऱ्यांचे प्राबल्य होते, ज्याचा माल विकावयाचा त्या कास्तकारास तीत स्थान नव्हते. तथापि, नियम लिखित होता, आणि लिखित नियमाविरुद्ध निदान तक्रार तरी करता येते. 1903 मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभारास जोडले गेले. परंतु मध्य प्रांतासाठी कापूसबाजाराचा कायदा झाला तो 1932 मध्ये. कारभार एक झाला म्हणजे नियम आपोआप एक होतात असे नाही, हे या एकोणतीस वर्षांच्या अंतरावरून दिसून येते.

या अंतराचे महत्त्व कोणते? कास्तकाराच्या दृष्टीने स्पर्धा म्हणजे त्याच्या गाडीभोवती जमणाऱ्या खरेदीदारांची संख्या. ही संख्या दोन प्रकारे निरर्थक ठरू शकते. एक, बोली गुप्त राहिल्याने. अनेक बाजारांत 'हत्ता' पद्धतीने, म्हणजे कापडाखाली बोटे दाबून भाव ठरत. ज्याचा माल तोच त्या बोलीविषयी अंधारात असे. दोन, संगनमताने. मध्य प्रांत व वऱ्हाडातील जिन-प्रेसचे मालक 'पूल' करीत. काही कारखाने बंद ठेवून त्यांनाही सामाईक नफ्यातून वाटा दिला जाई आणि पिंजणी व दाबाईचे दर वर राहत. पहिल्या दोषावर एका बाजारापुरता इलाज चालतो. दुसऱ्यावर तो चालत नाही, कारण संगनमत नदी ओलांडू शकते आणि एका काठाचा कायदा ती ओलांडू शकत नाही. 1925 च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या अखिल भारतीय कायद्याचा मुख्य रोखही भेसळीवर होता, पुलावर नव्हे.

उलट प्रकारचा धडा 1972 नंतर मिळाला. महाराष्ट्राने 1971 च्या कायद्यान्वये कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. व्यापाऱ्यांच्या जागी शासन हाच एकमेव ग्राहक झाला. हेतू कास्तकारास हमीचा भाव देण्याचा होता. परंतु शेजारच्या राज्यांत खुला व्यापार चालूच असल्याने बाहेर भाव चढला की विदर्भाचा कापूस मध्य प्रदेशाकडे व आंध्र प्रदेशाकडे जाई. भाव उतरला की परप्रांतीचा कापूस आत येई. अशा स्थितीत चढत्या भावाचा लाभ योजनेस मिळत नसे, उतरत्या भावाचा भार मात्र तिच्यावर पडे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी हा एकाधिकार संपुष्टात आला.

आजची घटनात्मक मांडणी या प्रश्नाच्या मुळाशी जाते. बाजार व जत्रा हा राज्यांचा विषय, आंतरराज्य व्यापार केंद्राचा. 2002 च्या स्पर्धा कायद्यातील संगनमताविषयीच्या तरतुदी 20 मे 2009 पासून अंमलात आल्या असून लिलावातील संगनमतही त्यांत मोडते. परंतु अडत्याचा परवाना, बाजारक्षेत्र व बाजारशुल्क राज्याच्या कायद्यानेच ठरते. संविधानाच्या 307 व्या अनुच्छेदात आंतरराज्य व्यापारासाठी प्राधिकरण नेमण्याची तरतूद आहे. ते अद्याप नेमले गेलेले नाही.

शेजाऱ्यांच्या सहकार्याचा अर्थ सर्वत्र एकच भाव असा नव्हे. वजन, कडता, 'व्यापारी' व 'बाजारक्षेत्र' यांच्या व्याख्या आणि रोजच्या भावांची माहिती या चार गोष्टी समान असणे एवढाच त्याचा किमान अर्थ होय. एकच शब्द दोन कायद्यांत दोन अर्थांनी वापरला गेला, तर त्या दोन अर्थांमधील फटीतूनच संगनमत वाट काढते. आणि त्याची किंमत बाजारात गाडी घेऊन उभा असलेला कास्तकार देतो.