मुळातला अडसर

पावसाने उघडीप दिली आणि ऊन तापले, की कोकणातल्या वांग्याच्या वाफ्यात एखादे झाड भर दुपारी मान टाकते. पाने पिवळी पडत नाहीत, हिरवीच लोंबतात. संध्याकाळी ते सावरल्यासारखे वाटते आणि दोन-तीन दिवसांत जाते. मर लागली, असे शेतकरी म्हणतात. अशा झाडाच्या खोडाचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या पेल्यात धरला, तर कापल्या जागेतून दुधाळ धागे खाली उतरतात. ते राल्स्टोनिया सोलानासिअरम या जिवाणूचे थवे. अमेरिकेतल्या अर्विन स्मिथ यांनी १८९६ मध्ये त्याचे वर्णन केले.

उपमुळे फुटताना सालीला पडणारी भेग, सूत्रकृमींनी केलेली जखम किंवा खुरपणीत तुटलेले मूळ यांतून जिवाणू आत शिरतो. सालीच्या पेशींमधल्या फटींतून अंतस्त्वचा ओलांडून तो जलवाहिनी गाठतो. तिथे तो वेगाने वाढतो आणि चिकट बहुशर्करा सोडतो. पाणी वर चढेनासे होते. मुळाशी ओल असूनही झाड तहानेने मरते.

मग त्याच मातीत शेजारचे झाड उभे कसे राहते? याच मरीला प्रतिकारक असलेल्या ‘हवाई ७९९६’ या टोमॅटोत मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट अशी, की जिवाणू त्याच्याही मुळात शिरतो. तो तिथे मरत नाही, अडतो. शेजारशेजारच्या वाहिन्यांना जोडणाऱ्या खाचांवर पातळ पडदे असतात. जपानी संशोधकांना प्रतिकारक टोमॅटोत हे पडदे जाड झालेले दिसले. लगतच्या जिवंत पेशी फुगून वाहिनीत शिरतात आणि ती बुजवतात. या फुगवट्यांना टायलोज म्हणतात. पण वाहिनी बुजवणे म्हणजे स्वतःचेही पाणी तोडणे. म्हणून सगळा प्रश्न वेळेचा आणि जागेचा आहे : बाधित वाहिनी लवकर बुजली तर झाड वाचते, उशिरा, भलत्याच वाहिन्या बुजल्या तर बुजवणेच मरीला हातभार लावते.

२०२२ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी या अडवणुकीचा रासायनिक तपशील दाखवला. संसर्ग होताच ‘हवाई ७९९६’च्या वाहिन्यांभोवती लिग्निन आणि सुबेरिन या चिवट द्रव्यांचा थर चढतो. रोगाला बळी पडणाऱ्या टोमॅटोत या थराशी निगडित एक जनुक अधिक सक्रिय केले, तेव्हा त्याचाही प्रतिकार वाढला.

शेतकऱ्यापुढे एक वाट प्रतिकारक वाणाची : बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा टोमॅटो संकर मरीलाही प्रतिकारक आहे. दुसरी वाट कलमाची. तैवानमधल्या जागतिक भाजीपाला केंद्राने मरीला तोंड देणाऱ्या वांग्याच्या खुंटावर टोमॅटो बांधण्याची पद्धत रुजवली. फळ टोमॅटोचे, पण जिवाणूची गाठ पडते ती वांग्याच्या मुळाशी. पानांवरच्या फवारण्या त्या खोलीपर्यंत पोचतच नाहीत, आणि त्यांवर होणारा खर्च पाहून जीव तुटतो.

जमीन फार तापली किंवा जिवाणूचा वेगळा प्रकार आला, तर हा प्रतिकारही ढासळतो. शिवाय निरोगी दिसणाऱ्या झाडात जिवाणू गुपचूप राहू शकतो. त्यामुळे किती झाडे उभी राहिली, एवढे मोजून वाणाची पारख पुरी होत नाही. खोडाचे काप घेऊन जिवाणू कुठवर चढला, तेही पाहावे लागते. हंगाम संपल्यावर प्रतिकारक झाडेही मुळांसकट उपटून शेताबाहेर न्यावीत, कारण मुळे कुजली की आत अडलेला जिवाणू परत मातीत उतरतो.