विश्लेषण : सिम्युलेटरमध्ये फायटर जेट वळवताना स्क्रीन काळा का होतो?

'डीसीएस वर्ल्ड'सारख्या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये नवखा खेळाडू अनेकदा शत्रूच्या क्षेपणास्त्राने मरतच नाही. शत्रू मागे लागतो, खेळाडू घाबरून जॉयस्टिक पोटाशी ओढतो. स्क्रीनच्या कडा करड्या होतात, मधला उजेडाचा गोल आक्रसतो आणि मग सगळे काळे. दृश्य परत येते तेव्हा विमानाचे नाक जमिनीकडे असते आणि सावरायला उंची उरलेली नसते. काहींना हा गेममधला बग वाटतो, तर काही जण सेटिंगमध्ये जाऊन 'जी-इफेक्ट' सरळ बंद करतात. वास्तविक तो काळोख म्हणजे खऱ्या वैमानिकाच्या डोळ्यांपुढे येणाऱ्या अंधाराची नक्कल आहे.

रक्त वर चढत नाही, म्हणून...

जमिनीवर उभे असताना शरीराला जाणवणारा भार म्हणजे १ जी. विमान ६० अंशांत कलंडवून, उंची न सोडता वळवले तर हा भार २ जी होतो. ९ जीला ७० किलोचा माणूस ६३० किलोंचा होतो. डोके आणि हेल्मेट मिळून सहा-सात किलो धरले तरी मानेवर साठेक किलोंचे ओझे येते.

पण मान हा दुय्यम प्रश्न आहे, खरी अडचण रक्ताची. मेंदू हृदयाच्या साधारण ३० सेंटिमीटर वर असतो. तेवढे रक्त वर चढवायला १ जीला सुमारे २२ मिलिमीटर दाब खर्च होतो. डॉक्टर बीपीचा जो वरचा आकडा सांगतात तो १२० धरला, तर ५ जीला त्यातले ११० नुसत्या चढणीतच संपतात. डोळ्याच्या आत स्वतःचा दाब असल्याने रक्त आधी तिथे पोहोचेनासे होते. म्हणून आधी रंग फिके पडतात, मग कडा जातात, मग अंधार होतो. इथपर्यंत माणूस शुद्धीवर असतो. त्यापुढेही ओढत राहिले की मेंदूचा पुरवठा तुटतो आणि शुद्ध हरपते. यालाच 'जी-लॉक' म्हणतात. शुद्ध यायला साधारण १५ सेकंद लागतात आणि त्यानंतर जवळपास तितकाच वेळ आपण कुठे आहोत हेच कळत नाही.

यात एक फसवी जागा आहे. मेंदूत चार-पाच सेकंद पुरेल एवढा ऑक्सिजन शिल्लक असतो. त्यामुळे एका झटक्यात ९ जीवर गेले तर सुरुवातीला सगळे ठीक वाटते आणि मग कडा करड्या होण्याची सूचना न मिळताच शुद्ध जाते. सावकाश वाढवलेला भार डोळ्यांना आधी कळतो.

पाय आणि पोट आवळणारा जी-सूट साधारण १ ते दीड जीची भर घालतो. बाकीचे काम वैमानिकाचे. पाय, मांड्या, पोट घट्ट आवळायचे, छातीत श्वास कोंडायचा आणि दर तीन सेकंदांनी झटकन बदलायचा. भारतीय हवाई दलाच्या बेंगळूरुमधील इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये वैमानिकांना मोठ्या सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून याचा सराव दिला जातो.

विमानाचा कॉम्प्युटर कोणाला वाचवतो?

एफ-१६ मध्ये स्टिक पूर्ण ओढली तरी कॉम्प्युटर ९ जीच्या पुढे जाऊ देत नाही. सीट ३० अंश मागे रेललेली असल्याने वैमानिकालाही थोडी मदत होते. पण कॉम्प्युटर राखतो तो विमानाचा सांगाडा. आत बसलेला शुद्धीवर आहे की नाही, हे तो मर्यादा ठरवताना पाहत नाही. नव्या खेळाडूंचा घोळ नेमका इथेच होतो.

एफ/ए-१८ हॉर्नेटची मर्यादा साडेसात जी आहे. स्टिकवरचा पॅडल स्विच दाबला तर ती एक तृतीयांशाने वाढते, म्हणजे थेट १० जीच्या घरात. जीव वाचवण्यापुरतीच ही सोय आहे. जुन्या एफ-१४ टॉमकॅटमध्ये असा पहारेकरीच नाही. अमेरिकी नौदलाने साडेसहा जीची मर्यादा घालून दिली होती, ती पाळणे वैमानिकाच्या हाती. बॉम्ब आणि इंधनाच्या टाक्या लटकत असतील तर या सगळ्या मर्यादा आणखी खाली येतात.

जास्त जी म्हणजे जास्त चांगले वळण?

इथे थोडे गणित करायलाच हवे. समजा, विमान ताशी ११५० किलोमीटर वेगाने जात आहे आणि खेळाडू ९ जी ओढतो. वळणाची त्रिज्या जवळपास १२०० मीटर होते, पूर्ण फेरीला सुमारे २३ सेकंद लागतात. आता वेग ताशी ८३० वर आणून फक्त ७ जी ओढले तर? त्रिज्या ७८० मीटरच्या आसपास आणि फेरी साधारण २१ सेकंदांत पूर्ण. भार दोन जीने कमी, तरीही वळण लहान आणि लवकर!

कारण त्रिज्या वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे भरधाव वेगात स्क्रीन काळा होईपर्यंत ओढणारा खेळाडू शरीराची किंमत मोजूनही समोरच्यापेक्षा मोठा वळसा घेत असतो. उलट वेग फारच कमी झाला तर पंखांना तेवढी उचल मिळत नाही आणि स्टिक कितीही ओढली तरी जी वाढत नाही. या दोन टोकांच्या मध्ये, पूर्ण जी मिळू शकेल असा जो सर्वांत कमी वेग असतो, त्याला 'कॉर्नर स्पीड' म्हणतात. एफ-१६ साठी खेळाडू साडेचारशे नॉटच्या (ताशी सुमारे ८३० किलोमीटर) आसपास राहायला सांगतात ते यासाठीच. जास्त जी ओढला की वेगही भसाभस उतरतो. त्याच वेगाला, उचलीमुळे होणारा अवरोध ९ जीला १ जीच्या सुमारे ८१ पट असतो.

हात सैल ठेवणे सोपे नाही

घरच्या जॉयस्टिकची स्प्रिंग हलकी असते. मनगट वळले की क्षणात ती टोकाला जाते. खऱ्या एफ-१६ ची स्टिक जेमतेम हलते आणि हाताचा जोर मोजते. घरी बसलेल्याला ना तो जोर कळतो, ना सीटमध्ये रुतणे. डोळे आणि कान एवढेच त्याच्याकडे असतात.

सेटिंगमधला 'कर्व्ह' वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने स्टिकचा मधला भाग मवाळ होतो खरा, पण टोकाकडचा भाग आणखी तीव्र होतो आणि घाबरलेला हात टोकालाच जातो. त्यापेक्षा उपयोगी ठरते ते एक-दोन सेकंद घेऊन चढत ओढणे, एचयूडीवरचा जीचा आकडा पाहत राहणे आणि कडा करड्या होताच स्टिक थोडी सोडणे. पूर्ण सोडायची गरज नसते. चार-पाच जीवर आले की दृष्टी परत येते आणि वेगही सावरतो. खाली जायचे असेल तर नाक ढकलू नये. उणे जीमध्ये रक्त डोक्याकडे धावते, स्क्रीन लाल होतो आणि शरीर उणे दोन-तीन जीपलीकडे फारसे तग धरत नाही. विमान उलटे करून ओढणे बरे.

अॅरिझोनामध्ये २०१६ साली एफ-१६ वर शिकणारा एक वैमानिक आठ जीहून अधिक भाराच्या वळणात बेशुद्ध झाला. विमान नाक खाली करून आवाजाच्या वेगापलीकडे गेले. दुसऱ्या विमानातला प्रशिक्षक रेडिओवर 'रिकव्हर' असे ओरडत राहिला, पण ऐकणारा शुद्धीवरच नव्हता. शेवटी जमिनीशी होणारी टक्कर ओळखणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेने विमान सरळ केले आणि वर ओढले. 'ऑटो जीकॅस' नावाची ही यंत्रणा एफ-१६ मध्ये २०१४ पासून बसवली जाऊ लागली होती.